पाचव्या घरची भिक्षा

“आणि घरात तूप कोण वाढतं?” धुंडीबुवांनी विचारलं.

“बायको,” ढोमणे म्हणाले.

“नको म्हटल्यावरही?”

“वरून वाढत नाही. पण वरणात आधीच घालत असावी, असा माझा संशय आहे.”

“तिला विचारलंत?”

“विचारलं. नाही म्हणते.”

“मग?”

“मग काय... खोटं बोलत असणार.”

बुवांनी हातातली वात बाजूला ठेवली. त्यांच्यापुढं सुपात सरकी काढलेला कापूस होता. मांडीवर तळहात फिरवून ते वाती वळत होते. एक झाली की बाजूला ठेवायचे, पुढची घ्यायचे. समोर कुणी बसलं आहे याची त्या हातांना खबरच नसावी.

पुरुषोत्तम ढोमणे मठाच्या ओट्यावर पाय खाली सोडून बसले होते. मांडी घालून बसलं की त्यांना उठताना भिंतीला हात लावावा लागे, आणि परक्या माणसादेखत ते त्यांना नको होतं. तालुक्याच्या गावी ते हायस्कूलचे मुख्याध्यापक. त्यांचा बूट व्हरांड्यात वाजला की तीन वर्ग आपोआप गप्प होत. सव्वीस वर्षांत प्रार्थनेला एकदाही उशीर नाही. असा माणूस वाती वळणाऱ्या एका गोसाव्यापुढं आपल्या घरातल्या तुपाची जबानी देत होता.

आल्याआल्या त्यांनी मठ नीट न्याहाळून घेतला होता. दोन खोल्या, एक विहीर, एक कडुनिंब. भिंतीवर बुवांचा फोटो नाही. दानपेटी नाही. त्यामुळं तर त्यांचा संशय आणखीच बळावला. जो काहीच मागत नाही त्याला हवं असतं ते नक्की मोठं असतं, असा त्यांचा आजवरचा अनुभव होता.

“तेल बंद केलं?” बुवांनी विचारलं.

“दिवाळीपासून. घरात तेल नाही, साखर नाही, बटाटा नाही, भात रविवारी एकदा. मी स्वतः लिहून स्वयंपाकघरात चिकटवलंय.”

“आणि सगळे पाळतात?”

“पाळावंच लागतं. बायकोचं सात किलो उतरलं. मुलीचं चार. सासूबाई पंधरा दिवस राहायला आल्या होत्या, त्या पण हलक्या होऊन गेल्या.”

“आणि तुमचं?”

ढोमण्यांनी विहिरीकडं पाहिलं.

“तीन वाढलं.”

बुवांचा तळहात मांडीवर थांबला. हसले नाहीत. हसले असते तर ढोमणे उठूनच गेले असते.

“म्हणजे घरात ज्यानं त्यानं उतरवलेलं तुमच्याकडं जमा झालं.”

“म्हणूनच तर म्हणतो. काहीतरी काळंबेरं आहे.”

गोष्ट तशी साधी होती. ढोमण्यांचा धाकटा भाऊ दिगंबर याच गावात शिवणकाम करायचा. दीड वर्षापूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, जिल्ह्याच्या दवाखान्यात डायलिसिस. बाकीचे दिवस शिलाई मशीनवर बसला तर बसला. थोरल्या भावाची किडनी त्याला जुळत होती. रक्त जुळलं, बाकीचं सगळं जुळलं. दिवाळीनंतर मोठ्या डॉक्टरांनी ढोमण्यांना काट्यावर उभं केलं आणि म्हणाले, या वजनावर मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. तुमच्याच जिवाला धोका आहे. पंधरा किलो उतरवून या, मग लगेच तारीख देतो.

चार महिने झाले होते. महिनाअखेरीला शेवटची तपासणी होती. तेव्हाही काटा हलला नसला तर डॉक्टर ढोमण्यांचं नाव काढून टाकणार होते. दिगंबरला दुसरं कुणी जुळत नव्हतं.

“तुम्हाला माझ्याकडून काय हवंय?” बुवांनी विचारलं.

“निश्चय हवाय. मनाचा निश्चय. आणि कुणीतरी पाठीशी उभं राहायला हवंय. एकट्यानं होत नाही हे.”

“घरचे आहेत की.”

“घरचे म्हणजे... सांगितलं ना तुम्हाला वरणाचं.”

“मित्र?”

“सकाळी ग्राउंडवर फिरणाऱ्यांचं एक मंडळ आहे. त्यात गेलो महिनाभर. चार फेऱ्या मारतात आणि नंतर तिथंच बसून पोहे खातात. वर मलाच म्हणतात, सर, घ्या हो, तुम्ही तर आजारी भावासाठी एवढं करताय.” ढोमण्यांचा आवाज चढला. “त्यातला एक पोहेवाल्याचा मेहुणा आहे, हे मला नंतर कळलं.”

“डॉक्टरीण असते ना, काय खायचं ते सांगणारी?”

“होती. तिच्या टेबलाखाली मी स्वतः फरसाणाची पुडी पाहिली.”

बुवांनी नवी वात घेतली.

“म्हणजे बायको खोटं बोलते, मंडळ फसवं, डॉक्टरीण चोरून खाते. माझ्याबद्दल काय वाटतं?”

ढोमणे खोटं बोलणारे नव्हते. निदान आपण तसे नाही अशी त्यांची समजूत होती.

“अजून ठरवलं नाही,” ते म्हणाले. “लोक म्हणतात तुम्ही वीस वीस वर्षांची दारू सोडवता. कशी सोडवता ते कुणी सांगत नाही. मला वाटतं, काहीतरी खाऊ घालत असाल.”

“मग तरी आलात.”

“आलो.”

“मला असं वाटतं,” बुवा वातीकडं बघत म्हणाले, “की तुम्हाला कुणाला तरी सांगता यायला हवं, बुवांकडंही जाऊन आलो म्हणून. कुणाला सांगायचंय?”

...

कडुनिंबाखाली एक कोंबडी पाचोळा उकरत होती. ढोमण्यांच्या कानशिलावर घाम आला. त्यांनी तो रुमालानं टिपला, रुमालाची नीट घडी घातली, खिशात ठेवली. वर्गात एखाद्या पोराला ते असं पकडायचे तेव्हा ते पोरही असंच काहीतरी करत वेळ काढायचं, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना बुवांचा राग आला.

“शाळा सुटल्यावर घरी कुठल्या वाटेनं जाता?” बुवांनी एकदम वेगळंच काढलं.

“बसस्टँडवरून.”

“घर त्या अंगाला आहे?”

“नाही. घर शाळेच्या मागंच आहे.”

“मग स्टँडवर?”

“चालायला सांगितलंय डॉक्टरांनी.”

“चांगलं आहे. काय काय आहे स्टँडवर?”

“काय असणार? गाड्या येतात, जातात.”

“अजून?”

“एक कँटीन आहे.”

“काय बरं मिळतं तिथं?”



“आलुबोंडा.”

“किती?”

“दोन. एखाद्या दिवशी तीन.”

“बसून खाता, की उभ्यानं?”

“उभ्यानं. भिंतीकडं तोंड करून...” एवढं बोलून गेल्यावर ढोमण्यांना कळलं की आपण काय बोललो. त्यांची मान ताठ झाली. “हे पाहा, दिवसभर घरातलं ते उकडलेलं खाऊन माणसाला...”

“जुनी सवय?”

“मुळीच नाही. मी बाहेरचं कधी खातच नसे. पोरांना तोंडावर सांगत आलोय, उघड्यावरचं खाऊ नका म्हणून.”

“मग कधीपासून?”

“दिवाळीनंतर.”

“दिवाळीनंतर कधी?”

 तारीख ढोमण्यांना पाठ होती. पण ती तारीख आणि हा आलुबोंडा आजवर त्यांच्या डोक्यात एकमेकांशेजारी कधी आले नव्हते.

“दवाखान्यातून परत आलो... त्या संध्याकाळी. पहिल्यांदा.”

“भूक लागली होती?”

“नाही.”

“मग?”

“बरं वाटत होतं.”

“आलुबोंडा खाऊन.”

“नाही,” ढोमणे म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच नीट ऐकू आला नाही. “त्याच्या आधीच. डॉक्टर म्हणाले ना, आत्ता नाही घेणार म्हणून... तेव्हापासून.”

...

“म्हणजे तसं नाही,” ते घाईनं म्हणाले. “माझं म्हणणं तसं नव्हतं.”

बुवांनी वळलेल्या वाती मोजल्या नाहीत. तशाच उचलून कोनाड्यात ठेवल्या. ऊन माथ्यावर आलं होतं. खुंटीवरची झोळी काढून त्यांनी ढोमण्यांपुढं धरली.

“चला. भिक्षेची वेळ झाली.”

“मी?”

“इथली रीत आहे. ज्या दिवशी जो विचारायला आला, त्या दिवशी झोळी त्यानं धरायची. मी पुढं चालतो, मी थांबेन त्या दारी तुम्ही थांबायचं. पाच घरं. घालतील ते घ्यायचं, नको म्हणायचं नाही, आणखी मागायचं नाही. मठात आल्यावर सगळं एकत्र कालवायचं. मग जेवायचं.”

“या गावात मला ओळखतात लोक.”

“मग तर लवकर वाढतील.”

ढोमण्यांना पहिल्यांदा वाटलं, सरळ उठावं आणि जावं. ते नाल्याकाठच्या मागल्या वाटेनं आले होते, त्याच वाटेनं परत. दिगंबरची गल्ली टाळावी म्हणूनच त्यांनी ती वाट धरली होती. महिना झाला होता त्याच्याकडं जाऊन. पण उठून गेलं तर बुवा नक्की काहीतरी समजणार, आणि त्यांनी काय समजावं हे त्यांच्या हातात राहणार नव्हतं. त्यांनी झोळी घेतली.

पहिल्या घरी ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी पडली. दुसऱ्या घरी भात. घरमालकीण दारात आली, तिनं बुवांना नमस्कार केला आणि झोळीवाल्याचं तोंड पाहून पदर तोंडाशी नेला. “अगं बाई, ढोमणे सर!” मग आत जाऊन तिनं भातावर आणखी एक मूठ भात आणला.

तिसऱ्या घरी एक म्हातारी होती. तिला फारसं दिसत नव्हतं. तिनं झोळीत शिरा घातला, तुपानं ओथंबलेला, आणि हात वर करून ढोमण्यांचा दंड चाचपून पाहिला.

“बुवा, हा चेला बरा गुबगुबीत मियाला तुमाले,” ती म्हणाली. “मंगचा तर अगदीच काडीसारखा वायला होता.”

बुवा म्हणाले, “हा जरा उशिरा आला, आजी.”

चौथ्या घरी पिठलं. झोळीत आता सगळं एकमेकांत मिसळू लागलं होतं. शिरा पिठल्यात शिरला होता. ढोमण्यांच्या डोक्यात सवयीनं हिशेब चालू होता, शिऱ्यात किती तूप, भातात किती काय. आपण चार महिने असा हिशेब करत आलो आणि स्टँडवरच्या भिंतीपुढं मात्र तो कधीच केला नाही, हे त्यांना तेव्हा जाणवलं. बुवांना मात्र त्यांनी ते सांगितलं नाही.

चौथ्या घरानंतर बुवा डावीकडं वळले.

“इकडं नको,” ढोमणे म्हणाले.

“का?”

“का ते तुम्हाला माहीत आहे.”

“चार झाली. पाचवं राहिलं.”

“गावात दोनशे घरं आहेत, बुवा. हे तुम्ही मुद्दाम करताय.”

“हो,” बुवा म्हणाले आणि चालत राहिले.

दिगंबर दारातच होता. शिलाई मशीन ओसरीत, आणि तो मशीनशेजारी खुर्चीवर. एवढ्या उन्हाळ्यात अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट. डाव्या हातावर डायलिसिसच्या सुईसाठी फुगवलेली शीर दिसू नये म्हणून तो स्वतःच असे शर्ट शिवून घालायचा. मशीनच्या फळीवर पितळेची एक छोटी वाटी होती. दिवसभराचं पाणी मोजून, आणि प्यायचं ते त्या वाटीनं.

त्यानं आधी बुवांना पाहिलं, उठायला लागला. मग झोळीकडं पाहिलं. मग झोळी धरणाऱ्याकडं.

“दादा?”

ढोमण्यांनी काहीतरी बोलायचं ठरवलं होतं. गल्लीच्या तोंडापासून ते ठरवत आले होते. पण आता झोळी हातात असताना माणसानं काय बोलावं, हेच त्यांना सुचेना.

“एवढ्या उन्हात कायले आला?” दिगंबर म्हणाला. “आणि हे काय झोळी घेऊन? नोकरीगिकरी सोडली का?”

“बुवांना म्हटलं, चलतो बरोबर.”

“भिक्षेले? तू?” दिगंबर हसला. हसताना त्याच्या गालांची हाडं वर आली. “लहानपणी शेजारच्या घरून विरजण आणाले सांगितलं तर लाजायचा न तू. मलेच पाठवायचा.”

आतून वनमाला आली. दिगंबरची बायको. तिनं ढोमण्यांकडं पाहून डोक्यावरचा पदर सारखा केला. ती कधीच जास्त बोलत नसे. पण आज झोळीत भाकरी घालून झाल्यावर ती आत गेली नाही.

“भाऊजी,” ती म्हणाली, “महिनाअखेरीला जायचं आहे ना दवाखान्यात?”

“हो. जायचं आहे.”

“तिथं मग...”

“त्याले पाणी दे न पहिले,” दिगंबर मध्येच म्हणाला. “घामानं पाह्य कसा भिजला तो.”

ती पाणी आणायला गेली. बुवा गल्लीच्या टोकाकडं बघत उभे होते, आपण ढोमण्यांबरोबर आलोच नाही असे.

“वजन?” दिगंबरनं विचारलं. तो ढोमण्यांकडं बघत नव्हता. मशीनचं चाक हातानं उगीच मागंपुढं करत होता.

“उतरतंय,” ढोमणे म्हणाले.

चाक थांबलं.

“उतरून राह्यलं?”

“चार किलो उतरलं. आता धरलंय नीट. होईल महिनाअखेरपर्यंत.”

एवढं खोटं ते कधी एका दमात बोलले नव्हते. ते पटावं म्हणून त्यांनी पोट थोडं आत ओढलं. आणि मग त्यांनी पाहिलं.

दिगंबरचं तोंड पडलं.

नीट पडलं. निकालाच्या दिवशी फळ्यावर आपला नंबर न सापडलेल्या पोराचं पडतं, तसं. ढोमण्यांनी सव्वीस वर्षं ते तोंड पाहिलेलं होतं, त्यात त्यांची चूक होणं शक्य नव्हतं.

“चांगलं झालं,” दिगंबर म्हणाला. मग काहीतरी आठवल्यासारखा उठला, खुर्चीची पाठ धरून, चौकटीला हात लावून आत गेला. आत डब्याचं झाकण वाजलं. परत आला तेव्हा त्याच्या ओंजळीत रव्याचे लाडू होते. चार त्यानं झोळीत घातले. पाचवा हातात ठेवला आणि ढोमण्यांपुढं धरला.

“हा झोळीतला नाही. हा तुले.”

“अरे, मी आता गोड...”

“वनमालानं केले. मले तर चालत नाहीत. खा न बाप्पा. एका लाडवानं काय होते?”

“भिक्षेच्या वेळी वाटेत खायचं नसतं,” ढोमणे म्हणाले आणि बुवांकडं पाहिलं.

बुवांनी पाठ फिरवली.

दिगंबरचा हात पुढं होता. मनगट एवढं बारीक झालं होतं की शर्टाचं बटण सगळ्यांत आतल्या काजाला लावूनही बाही सैल होती. ढोमण्यांनी लाडू घेतला आणि खाल्ला. दिगंबर तो संपेपर्यंत बघत राहिला. मग म्हणाला, “आणखी एक?”

परतीच्या वाटेवर दोघं नाल्याच्या कडेनं निघाले. झोळी आता जड झाली होती. ढोमण्यांनी ती या हातातून त्या हातात घेतली. 

“बुवा.”

“हं.”

“तुमचं त्याचं काही ठरलंय का?”

“कसलं?”

“काहीतरी आहे. मी मूर्ख नाही. वजन उतरतंय म्हटल्यावर त्याला आनंद व्हायला हवा होता. त्याचा जीव आहे यात. आणि तोंड पडलं त्याचं. वर मला लाडू चारला.” ढोमणे थांबले. धाप लागली होती, पण ती चालण्यामुळं नव्हती. “दुसरं कुणी मिळालंय का त्याला? की मी खोटं बोलतोय ते कळलं त्याला? मी किती दिवस टाळतोय ते कळलंय, आणि आता मजा बघतोय?”

“असेल.”

“असेल म्हणजे काय? तो येतो तुमच्याकडं?”

“येतो.”

“कधी?”

“सोमवार, गुरुवार सोडून रोज.”

“आणि काय मागतो?”

बुवा नाल्यातला दगड चुकवून पुढं गेले.

“इथं मागितलेलं दुसऱ्याला सांगत नाही मी.”

“मी भाऊ आहे त्याचा.”

“म्हणजे तुम्ही आज जे बोललात,” बुवा म्हणाले, “ते मी त्याला सांगू?”

...

नाल्यात पाणी नव्हतं. दगड तापले होते. ढोमणे तसेच उभे राहिले, दोन्ही हातांत झोळी धरून. भिक्षेच्या कापडातून पिठल्याचा ओलावा त्यांच्या पांढऱ्या शर्टावर उतरत होता. त्यांनी तो पाहिला आणि झोळी दूर धरली नाही.

गावात कळेल. शाळेत कळेल. वनमालाला कळेल, तिनं तर आज विचारलंच होतं. भावाला किडनी द्यायची वेळ आली आणि ढोमणे सर स्टँडवर भिंतीकडं तोंड करून आलुबोंडे खात होते. त्यांनी प्रार्थनेच्या वेळी पोरांना सांगितलेल्या गोष्टी त्यांना आठवल्या, एकेक, त्यांच्या शेवटच्या वाक्यांसकट.

“चार किलो उतरलं नाही,” ते म्हणाले.

“नाही.”

“तीन वाढलंय.”

“सांगितलंत मघाशी.”

“मला भीती वाटते, बुवा. मला साधं इंजेक्शन घेताना डोळे मिटावे लागतात. आमच्या वडिलांना मी टेबलावर नेताना पाहिलंय. ते परत आले नाहीत. दिगू तेव्हा लहान होता, त्याला आठवत नसेल. मला आठवतं.” त्यांनी झोळी आणखी घट्ट धरली. “डॉक्टरांनी तारीख द्यावी असं मला वाटत नाही. आणि दिगूचं काही व्हावं असंही वाटत नाही. ही दोन्ही एकाच वेळी वाटतात. मी चार महिने बायकोच्या वरणात तूप शोधतोय.”

 बुवा पुढं न जाता तिथंच उभे राहिले.

“सांगा त्याला,” ढोमणे म्हणाले. “सगळं सांगा. आलुबोंड्यासकट सांगा. नाहीतर... नको. तुम्ही नको. मी सांगतो. झोळी तुम्ही घेऊन जा, मी आत्ताच परत जातो.”

त्यांनी झोळी बुवांच्या हातात दिली. हात पुसायला रुमाल काढला, आणि पुसायचं विसरून तसेच वळले. आठ-दहा पावलं गेले. मग थांबले. संशय माणसाला एकदम सोडत नाही.

“बुवा,” ते मागं न वळता म्हणाले, “मी तर सांगितलं. आता तरी सांगा. रोज येतो तो, तर रोज काय मागतो?”

बुवांनी झोळी खांद्याला अडकवली. गावाकडं पाहिलं.

“एकच मागतो. म्हणतो, दादाचं वजन उतरू देऊ नका.”